जुन्या मोटारीची नवी किल्ली

जुन्या मोटारीत सर्वांत आधी काय म्हातारे होते, असे विचारले तर बहुतेक जण इंजिनाकडे बोट दाखवतील. वस्तुतः इंजिन हा मोठा चिवट प्राणी आहे. बोअर करून घ्यावे, रिंगा बदलाव्या, की स्वारी पुन्हा तयार. आधी थकतात त्या तारा, आणि तारांच्याही आधी थकते ते डॅशबोर्डावरचे किल्लीचे बटण. हजारो वेळा फिरून त्याच्या आतल्या पितळी पट्ट्या झिजतात, स्प्रिंग ढिली पडते, किल्ली कुठल्याही कोनात बाहेर निघू लागते. वरची चकाकी मात्र तशीच असते. त्यामुळे रोग कळतो तो धूर निघाल्यावर.

आपल्या इंदुराला जुन्या मोटारींचे कौतुक नवे नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा मोटारींचा षोक जगभर ठाऊक होता. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढवलेली १९३६ ची केशरी-काळी मोटार अजूनही मोटारींच्या ग्रंथांतून मिरवते. माझे वडील तरुणपणी दरबारी सारंगिये होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीचे होते, आणि मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. राजवाड्यातल्या मोटारींविषयी ते बोलत, पण त्यांच्या रंगाविषयी किंवा वेगाविषयी क्वचितच. सांगत ते शोफर लोक सकाळी मोटारी कशा 'लावून' घेत त्याविषयी. 'आमच्यासारखेच, आधी कान देऊन मग हात', असे त्यांचे शब्द असत.

पण आज सांगायची आहे ती हकीकत राजेशाही मोटारीची नव्हे. ती आहे रामाकोन्याची. छिंदवाड्याहून नागपूरकडे जाताना सौसरच्या अलीकडे हे गाव लागते. कागदोपत्री मध्यप्रदेश, बोलीने थेट नागपूर, आणि चहूकडे संत्र्यांचे बगीचे. २०२३ पासून हा मुलूख नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला आहे. छिंदवाडा-नागपूर ही छोटी रेल्वे याच गावावरून जात असे; २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि तिच्या जागी मोठ्या रुळांची गाडी आली. आमच्या सौभाग्यवतींचे मामा इथले बागाईतदार. वय ब्याऐंशी. त्यांच्या वडिलांनी परासियाच्या कोळसा खाणीतल्या एका साहेबाकडून १९३६ ची मॉरिस एट घेतली होती. ९१८ सी.सी.चे चिमुकले इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, दोन दारे. मामाजी एरवी ती बाहेर काढत नाहीत. दसऱ्याला धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून, पूजा झाली की स्वतः चालवत पेट्रोल पंपापर्यंत नेतात आणि परत आणतात. ही त्यांची साठ वर्षांची वहिवाट.

गेल्या दसऱ्याला पूजा झाली, मामाजींनी किल्ली फिरवली, आणि डॅशबोर्डामागून निळसर धूर आला. मामाजींनी चपळाईने खाली उतरून बॅटरीची तार ओढून काढली म्हणून निभावले. घरात त्याच दिवशी दोन तट पडले. मुलांचे म्हणणे, आता पुरे. गाडी ओसरीवर उभी करावी, काच लावावी, पाहुण्यांना दाखवावी. नातवाचे म्हणणे, नवीन बटण बसवा, किल्ली फिरवली की सुरू होणारे. मामाजींना दोन्ही नको होते. 'चाबी काहून बदलाची? हात बदलला का माह्या?' एवढेच ते म्हणाले आणि गप्प झाले. त्यांचा मोतीबिंदू उतरवलेला आहे, गुडघे धरलेले आहेत. गाडी काचेत गेली की आपणही त्याच काचेत गेलो, हे त्यांना पक्के कळत होते.

मी दिवाळीच्या सुटीत तिथे होतो. गाणे शिकवणाऱ्याचा मोटारीशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण सौसरचा मिस्त्री काम करीत असताना बॅटरी धरायला आणि 'आता वाजते का बघा' म्हणायला कुणीतरी लागते, आणि ते काम मला मनापासून आवडते.

आता थोडे या बटणाच्या कुळाविषयी. मोटारीचे इंजिन पेटते ते ठिणगीने, आणि ठिणगी येते कॉइलमधून. बॅटरीचा करंट बटणातून कॉइलकडे जातो. बटण तोडले की ठिणगी बंद, इंजिन बंद. सरळ हिशेब. परंतु सगळ्या जुन्या गाड्या अशा नसतात. पुष्कळ फार जुन्या गाड्यांत बॅटरीऐवजी मॅग्नेटो असे, तो स्वतःच ठिणगी निर्माण करतो. तिथे बटणाचा न्याय उलटा: तार पत्र्याला जोडली की इंजिन बंद पडते, तोडली की चालते. अशा गाडीला आजचे बटण डोळे मिटून लावले, तर 'बंद' केल्यावर गाडी चालू राहील आणि 'चालू' केल्यावर मरेल. शिवाय बॅटरीचा करंट मॅग्नेटोत घुसून त्याचेच नुकसान होईल. फोर्डच्या टी मॉडेलचा (१९०८ ते १९२७) प्रकार तर आणखी निराळा. तिच्या बटणाला दोन बाजू असत, एक बॅटरीची, दुसरी मॅग्नेटोची, आणि लाकडी पेटीतल्या चार कॉइली चालू असताना भुंग्यांसारख्या गुणगुणत. तेव्हा पहिला नियम हाच, की बटण विकत घेण्यापूर्वी गाडीची जात ओळखावी.

सेल्फ मारण्याचे काम किल्लीकडे फार उशिरा आले. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत १९१२ साली बसला आणि हँडल मारून मनगटे मोडून घेण्याचे दिवस सरू लागले; तरी किल्लीच पुढे फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. त्याआधी किल्ली फक्त परवानगी देई. सेल्फसाठी वेगळी मूठ ओढावी लागे किंवा पायाने बटण दाबावे लागे. कारणही उघड आहे. स्टार्टर शंभराहून अधिक अँपियर मागतो. एवढा लोंढा डॅशबोर्डावरच्या नाजूक पट्ट्यांतून नेणे म्हणजे आग लावणेच.

मामाजींच्या मॉरिसमध्ये मूठ आहे. तिच्या शेजारचे बटण मात्र एकाच वेळी तीन घरचा पाहुणा. किल्लीने कॉइल चालू, भोवतालची कडी फिरवली की दिवे, आणि त्याच कडीवर डायनमोने किती करंट भरावा त्याचीही खूण. त्या काळच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत उन्हाळ्यासाठी अर्धा आणि हिवाळ्यासाठी पुरा भरणा अशी सोय असे. उन्हाळ्यात दिवस मोठा, दिवे कमी लागतात, म्हणून बॅटरी उकळू नये ही काळजी. विलायतेचा उन्हाळा सौसरच्या उन्हाळ्याला काय ठाऊक? मामाजींचे वडील बारा महिने 'उन्हाळा'च ठेवीत. मौज अशी, की अशा कित्येक गाड्यांत किल्लीचा नंबर कुलपाच्या तोंडावरच कोरलेला असे. चोराने वाचावा आणि दुकानातून तशीच किल्ली आणावी, इतका तो भाबडा काळ!

मिस्त्रीने बटण मागून उघडले तेव्हा रोग दिसला. तारेवरचे रबर आणि सुती वेष्टण हाताला लागताच भुगा होऊन पडत होते, आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. पुष्कळ जुन्या इंग्रजी गाड्यांत कॉइलच्या वाटेवर फ्यूजच नसे; फ्यूज उडून गाडी वाटेत मरण्यापेक्षा तो नसलेला बरा, असा कारखानदारांचा विचार असावा. तारा नव्या असताना तो खपून गेला. नव्वदीला आलेल्या तारांना तो झेपणारा नाही.

इथे खरा प्रश्न आला. मिस्त्रीने पहिला उपाय सुचवला तो असा: जुने बटण काढायचे, भोक थोडे मोठे करायचे, त्यात आजचे बटण घालायचे, आणि सेल्फही किल्लीवर आणायचा. काम दोन तासांचे. नातू खूश. मी मध्ये पडलो. आमच्या घरी मिरजेचा तानपुरा आहे, वडिलांचा. त्याच्या खुंट्या पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात घसरतात. एका हितचिंतकाने गिटारच्या पेचाच्या खुंट्या बसवून देण्याची तयारी दाखवली होती. सूर लावणे सोपे झाले असते यात शंका नाही. वडिलांनी विचारले, 'दांडीला भोक पाडावे लागेल?' हो म्हटल्यावर तानपुरा आत नेऊन ठेवला. तारा त्यांनी शेकडो बदलल्या, घोडी दोनदा, जवारी तर दर काही वर्षांनी. पण जे बदलले ते उद्या काढून पुन्हा पहिल्यासारखे करता येईल, एवढे ते पाहत. त्या तानपुऱ्यावर मी रोज विद्यार्थ्यांना बसवतो. तो कपाटात राहिला असता तर त्याचा मानही राहिला नसता, असे माझे मत आहे.

मोटारींच्या जगातही जाणते लोक असेच म्हणतात. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या 'फीव्हा'ने, ट्युरिन सनद म्हणून एक मसुदा केला आहे. सुरक्षेसाठी काही बदलणे भागच असेल तर ते थोडे असावे, नजरेत न भरणारे असावे, आणि मूळचे भाग जपून ठेवून पुन्हा पूर्ववत करता येण्याजोगे असावे, असा त्याचा आशय. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांपलीकडची गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. रोजच्या वापराला व धंद्याला मनाई. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे यांना मुभा. मामाजींची दसऱ्याची फेरी यात अगदी चपखल बसते, हे ऐकून त्यांना फार बरे वाटले. बटण या फेरफाराच्या यादीत येत नाही. तरी कायदा सोडतो म्हणून पत्र्याला भोक पाडावे असे थोडेच आहे?

शेवटी ठरले ते असे. जुने बटण जागेवरून हलवायचे नाही. डॅशबोर्डाखाली, मूळच्याच दोन स्क्रूंना धरून लोखंडी पट्टी लावायची आणि तिच्यावर नवे बटण. मिस्त्रीने ते ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातून आणले. संत्र्यांच्या मुलखात ट्रॅक्टरचे बटण कुठेही मिळते, धूळ-पाणी सोसते, आणि स्टिअरिंगला कुलूप घालण्याची त्यात नसती भानगड नसते. मागच्या टोकांवर आकडे होते, तीस, पंधरा आणि पन्नास. ही जर्मन पद्धत: तीस बॅटरीकडून येणारी, पंधरा कॉइलकडे जाणारी, पन्नास सेल्फची. पन्नासला आम्ही काहीच जोडले नाही. सेल्फ मुठीनेच मारायचा. नातवाचे तोंड जरा उतरले, पण किल्लीवर सेल्फ आणायचा म्हणजे सहा व्होल्टचा सोलेनॉइड शोधा, जाड तारा नव्याने ओढा. आणि मूठ ओढण्यात मामाजींचा अर्धा दसरा आहे.

सहा व्होल्टचे एक दुखणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. छत्तीस वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर तीन अँपियर लागतात, सहावर सहा. म्हणजे तारा जाड हव्यात, सांधे स्वच्छ हवेत. झिजलेल्या बटणात अर्धा व्होल्ट हरवला तर सहातला बारावा हिस्सा गेला. बारा व्होल्टचा रिले इथे धड ओढतही नाही. बॅटरीचे कोणते टोक पत्र्याला आहे तेही आधी पाहून घ्यावे, कारण पुष्कळ इंग्रजी गाड्यांत धन टोक पत्र्याला असते. साध्या बटणाला त्याचे सोयरसुतक नाही, पण आजच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू उलट्या जोडणीने तत्काळ जळतात.

बॅटरीजवळ एक फ्यूज घातला, सेल्फची जाड तार त्यातून वगळून. त्याच्या शेजारी फितीने चिकटवलेला दुसरा, राखीव. जुन्या बटणाच्या कॉइलच्या तारा कापल्या नाहीत. टोके बांधून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि कोणती तार कुठून कुठे गेली त्याचा नकाशा नातवाने काढून गाडीच्या कप्प्यात ठेवला. त्याचा रुसवा नकाशा काढता काढता गेला.

संध्याकाळी मामाजी बसले. सवयीने हात आधी जुन्या बटणाकडे गेला, किल्ली फिरली, काही झाले नाही. मग खाली चाचपून त्यांनी नवी किल्ली फिरवली आणि मूठ ओढली. पहिल्या खेपेला सेल्फचा सूर उतरलेला होता, बॅटरी दमली होती. दुसऱ्या खेपेला इंजिनाने एक खोकला दिला आणि लागले. मामाजी दोन्ही किल्ल्या फिरवतात, आधी जुनी, मग नवी, आणि 'दोन्ही लागते' असे ठामपणे सांगतात. नातू त्यांना दुरुस्त करीत नाही.

दिव्यांची कडी अजून जुन्याच बटणावर आहे आणि तिच्या तारांचाही भुगा होतोच आहे. तोवर अंधार पडायच्या आत गाडी घरात. 'ते काम होळीले करू', असे मामाजींनी मिस्त्रीला सांगून ठेवले आहे.