भुईमुगाचें लोणी व शरीराचें वजन

शहरांतील दुकानांतून ‘पीनट बटर’ या नांवानें बरण्यांत भरून विकला जाणारा पदार्थ आतां तालुक्याच्या गांवींही मिळूं लागला आहे. भाजलेले शेंगदाणे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत वाटले म्हणजे हा पदार्थ तयार होतो; सबब त्यास भुईमुगाचें लोणी म्हणावयास हरकत नाहीं. हें लोणी खाल्ल्यानें वजन उतरतें, असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलें जातें. भुईमूग पिकविणारास हें ऐकून संतोष व्हावा, हें साहजिक आहे. मालास मागणी वाढेल, आणि जे बांधव गटानें लोणी करून विकूं इच्छितात त्यांस बरणीवर छापण्यास एक गोड वाक्यही मिळेल. परंतु जें आपण विकतों त्याविषयीं खरें काय, तें आधीं आपणांस ठाऊक असलें पाहिजे.

शिवाय हा प्रश्न केवळ गिऱ्हाइकाचा नाहीं. मोट गेली व पंप आला. नांगरामागून चालणें गेलें व ट्रॅक्टर आला. शेतावर पायीं जाणारा आतां मोटारसायकलीवर जातो. श्रम कमी झाले, ताटांतील अन्न मात्र बहुधा तेवढेंच राहिलें. त्यामुळें पोट सुटणें, मधुमेह व रक्तदाब हीं दुखणीं आतां शेतकऱ्यांच्या घरींही दिसूं लागलीं आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार आपल्या घरापासूनच करणें इष्ट होय.

लोण्याची उत्पत्ति

भुईमूग हें मूळचें दक्षिण अमेरिकेंतील पीक. दाणे वाटून खाण्याची चाल त्या खंडांत जुनीच होती. अर्वाचीन काळीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील मार्सेलस एडसन यांस दाण्यांच्या लगद्याबद्दल 1884 सालीं अमेरिकन पेटंट मिळालें. पुढें मिशिगन संस्थानांतील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे चालक डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनीं 1895 सालीं आपल्या कृतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. डॉ. केलॉग हे शाकाहाराचे कट्टे पुरस्कर्ते होते, आणि मांसाऐवजीं रोग्यांस पौष्टिक असें वनस्पतिजन्य अन्न मिळावें, हा त्यांचा हेतु होता. म्हणजे हें लोणी निघालें तें शरीराच्या पोषणासाठीं. देह कृश करण्यासाठीं नव्हे.

आपल्याकडेही ही वस्तु अगदींच परकी नाहीं. सोलापूरकडील शेंगदाण्याची चटणी उखळांत तेल सुटेपर्यंत कुटतात. तिच्यांतील तिखट, लसूण व मीठ वगळलें, तर ती या लोण्याची सख्खी बहीणच म्हणावी लागेल.

घटक व हिशेब

100 ग्रॅम वाळलेल्या शेंगदाण्यांत सुमारें 25 ग्रॅम प्रथिनें, 49 ग्रॅम स्निग्धांश व 16 ग्रॅम पिष्टमय आणि तंतुमय द्रव्यें असतात, आणि त्यांपासून सुमारें 570 उष्मांक मिळतात. लोण्याचे आंकडे जवळजवळ हेच, किंबहुना उष्मांक किंचित् अधिकच असतात. याचें कारण उघड आहे. एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा पिष्टापासून 4 उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धांशापासून 9 मिळतात. आणि दाण्याचा निम्मा भाग तेलच आहे.

लोण्याचे दोन मोठे चमचे म्हणजे सुमारें 32 ग्रॅम. त्यांत सुमारें 190 उष्मांक असतात. सुमारें 60 ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी जवळजवळ तितकेच उष्मांक देते. तेव्हां जो मनुष्य नेहमींचें जेवण तसेंच ठेवून वर रोज दोन चमचे लोणी खाईल, तो एक भाकरी अधिक खात आहे, असें समजावें. महिन्याकांठीं हे 5,700 उष्मांक होतात, आणि शरीरांतील एक किलो चरबी म्हणजे अदमासें 7,700 उष्मांक. कागदावरचा हा हिशेब पाहिला असतां वजन उतरण्याऐवजीं वाढावें, असेंच निघतें.

प्रयोगांत काय दिसलें

तथापि शरीर हें तराजू नव्हे. अमेरिकेंतील पर्ड्यू विश्वविद्यालयाच्या संशोधकांनीं 2002 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत 15 निरोगी माणसांस आठ आठवडे रोज सुमारें 500 उष्मांकांचे शेंगदाणे दिले, व बाकीचें जेवण त्यांच्या इच्छेवर सोडलें. हिशेबाप्रमाणें त्यांचें वजन 3.6 किलो वाढावयास पाहिजे होतें. प्रत्यक्षांत तें सुमारें 1 किलोच वाढलें. दाण्यांनीं पोट भरल्यासारखें वाटून त्यांनीं इतर अन्न आपोआप कमी घेतलें होतें. जेव्हां त्यांस आहारांतील इतर स्निग्ध पदार्थांच्या ऐवजीं तितकेच दाणे दिले, तेव्हां वजन होतें तेवढेंच राहिलें.

दुसरा प्रयोग बोस्टन येथील, 2001 सालीं प्रसिद्ध झालेला. स्थूल अशा 101 स्त्रीपुरुषांचे दोन गट केले. दोहोंसही उष्मांक बेताचेच ठरवून दिले. परंतु एका गटास तेल व तूप फार कमी, तर दुसऱ्यास शेंगदाणे, त्यांचें लोणी, इतर कवचीचीं फळें व वनस्पतिजन्य तेल यांचा माफक उपयोग करण्याची मोकळीक होती. दीड वर्षानंतर पहिल्या गटांतील सुमारें 20 टक्के व दुसऱ्यांतील सुमारें 54 टक्के लोक पथ्यावर टिकून होते, आणि वजन घटलें तें या दुसऱ्या गटाचें. यांतून बोध असा कीं, दाणे किंवा लोणी यांनीं चरबी जाळली नाहीं. त्यांच्या चवीमुळें व तृप्तीमुळें पथ्य सुसह्य झालें. बेसुमार खाणाऱ्यास या प्रयोगाचा आधार घेतां येणार नाहीं.

अख्खे दाणे कीं लोणी?

येथें शेतकऱ्यास विशेष उपयोगी अशी एक गोष्ट आहे. दाण्यांतील तेल पेशींच्या भिंतींआड कोंडलेलें असतें. आपण दाणे कितीही चावले, तरी कांहीं पेशी न फुटतां पुढें जातात व त्यांतील तेल शौचावाटे बाहेर पडतें. 1980 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अख्खे दाणे खाणारांच्या आहारांतील सुमारें 18 टक्के स्निग्धांश असा बाहेर पडल्याचें दिसलें. लोणी खाणारांचा सुमारें 7 टक्के व नुसतें तेल घेणारांचा 5 टक्क्यांच्या आंतच. वाटणानें पेशी फुटतात, म्हणून लोणी अधिक पचतें. अशक्त किंवा दांत गेलेल्या मनुष्यास हा गुण आहे. वजन उतरवूं पाहणारास तोच दोष आहे. शिवाय शेंग फोडून दाणे खाण्यास वेळ लागतो, लोणी मात्र क्षणांत चमच्यानें पोटांत जातें.

खाण्याची रीत

(1) दाणे किंवा लोणी जेवणावर भर म्हणून घेऊं नये, बदल म्हणून घ्यावें. चार वाजतां चहाबरोबर भजीं, शेव किंवा बिस्किटें खाणारानें त्याऐवजीं मूठभर, म्हणजे सुमारें 30 ग्रॅम, भाजलेले दाणे खावे. न्याहारीस लोणी घ्यावयाचें असल्यास एक चमचा लावून अर्धी भाकरी कमी करावी.

(2) साबुदाण्याच्या खिचडींत कूट भरपूर घालून वर तुपाची धार धरणें म्हणजे उपवासाच्या नांवाखालीं दुप्पट जेवण होय.

(3) विकतच्या बरणीवरील घटक वाचावे. अमेरिकेंतील नियमानें या लोण्यांत निदान 90 टक्के शेंगदाणे असावे लागतात. बाकीच्या भागांत बहुधा साखर, मीठ व तेल वर तरंगूं नये म्हणून घातलेलें घट्ट वनस्पति तेल असतें. घरीं मंद आंचेवर दाणे भाजून, फोलपटें पाखडून, तेल सुटेपर्यंत वाटले, तर यांपैकीं कशाचीच जरूर नाहीं.

(4) कांहीं थोड्या लोकांस भुईमूग मुळींच सोसत नाहीं. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. त्यांनीं तो वर्ज्य करावा.

पिकविणाराची जबाबदारी

अख्खे दाणे खातांना खवट किंवा बुरसटलेला दाणा जिभेस कळतो व आपण तो थुंकून टाकतों. लोण्यांत तो सर्व बरणींत मिसळून जातो. बुरशीपासून उत्पन्न होणारें अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष यकृतास अपायकारक असून भाजल्यानेंही पूर्णपणें नाहींसें होत नाहीं. 1960 सालीं इंग्लंडांत अशा दूषित पेंडीमुळें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हांपासून याचा शोध लागला. सबब काढणीनंतर शेंगा त्वरित वाळवाव्या, ओलावा 8 टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय पोत्यांत भरूं नयेत, आणि सुरकुतलेले, फुटके व रंग बदललेले दाणे वेंचून टाकावे. हलविलेल्या शेंगेंत दाणे खुळखुळले म्हणजे त्या चांगल्या वाळल्या, ही जुनी खूण आजही उपयोगी आहे.

तात्पर्य, भुईमुगाचें लोणी हें वजन उतरविण्याचें औषध नव्हे. तें सकस अन्न आहे. दुसऱ्या निकस खाण्याच्या जागीं तें मोजून घेतलें, तर वजन आवरण्यास साह्य करतें; ताटांतील अन्नावर चढविलें, तर वजन वाढवितें; आणि या कामीं अख्खे भाजलेले दाणे लोण्याहून सरस आहेत. जे बांधव लोणी करून विकणार आहेत त्यांनीं बरणीवर ‘वजन उतरवितें’ असें छापूं नये. ‘निवडलेले दाणे व थोडें मीठ, दुसरें कांहीं नाहीं’ एवढें छापावें, आणि आंतील माल त्या शब्दांस जागेल असा ठेवावा. गिऱ्हाईक एकदां फसतें. खऱ्या मालास तें वर्षानुवर्षें परत येतें.