एका शहरात दोन बिशप

नाशिकमध्ये ख्रिस्ती धर्मप्रांत दोन आहेत आणि बिशपही दोन. पहिला धर्मप्रांत अँग्लिकन चर्चने 1929 साली स्थापला. फिलिप लॉइड हे त्याचे पहिले बिशप. आज तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे सीएनआयचा नाशिक धर्मप्रांत आहे. दुसरा कॅथलिक. तो 1987 मध्ये पुण्यापासून वेगळा झाला आणि थॉमस भालेराव या जेझुइट धर्मगुरूंकडे त्याची धुरा आली. शिवाय शहरात पेन्टेकॉस्टल मंडळ्या आहेत, केरळातून आलेल्या कुटुंबांच्या मंडळ्याही आहेत. रविवारी सकाळी कुणी मिस्साला जातो, कुणी उपासनेला. नाताळात फराळाची ताटे मात्र सगळ्यांच्या घरी फिरतात.

हे शाखाभेद नाशिकच्या किंवा नगरच्या माणसांनी वाद घालून निर्माण केले नव्हते. एकोणिसाव्या शतकात मिशनांनी मराठी मुलूख आपसांत वाटून घेतला. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आले. ते काँग्रिगेशनल, म्हणजे बिशपाविना चालणारे. चर्च मिशनरी सोसायटी 1832 पासून नाशिकला होती, ती अँग्लिकन. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांचे स्कॉटिश मिशन 1845 मध्ये सुरू झाले, तर कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियनांनी जम बसवला. बिशप असावा की नसावा, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा की नाही, हे वाद युरोपात पेटले होते. इथल्या कुटुंबाच्या वाट्याला त्यांतली कोणती बाजू आली, हे गावात आधी कोणते मिशन पोहोचले यावर ठरले.

नाशिकची वाटणी पुढे किती दूरवर पोहोचली, हे नाशिकच्या शरणपूरमध्ये दिसते. 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही ख्रिस्ती वसाहत उभारली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथल्या शाळेत शिकत. त्यांतलाच जेकब वेनराइट 1874 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनची शवपेटी घेऊन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. पुढे प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसवले, तेव्हा नाशिकला शिकलेले आफ्रिकन ख्रिस्ती त्यांच्या हाताशी होते.

नगर जिल्ह्यात मिशनांची ही वाटणी टिकली नाही. 1870च्या दशकात तिथे दुसरे अँग्लिकन मिशन, सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल, उतरले. 1876-78च्या दुष्काळाने खेडीच्या खेडी मिशनांच्या दाराशी आणली. पाठोपाठ जर्मन जेझुइटही आले. एकाच तालुक्यात, एकाच नात्यागोत्यात तीन शाखा शेजारी-शेजारी नांदू लागल्या. मिशनांच्या चढाओढीची किंमत, दुर्दैवाने, दलित समाजातून आलेल्या गरीब मंडळींनी मोजली.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे खटकत होतेच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये झाला. पण कोणत्याही एका पंथाचे सगळे सिद्धांत मान्य करायला त्यांनी ठाम नकार दिला आणि त्यावरून त्यांचा वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. कवी नारायण वामन टिळकांचे शिक्षण नाशिकला झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर जवळचेच जलालपूर. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ती कल्पना टिळकांसोबत 1919 मध्ये बहुतांशी थांबली. अभंग मात्र थांबले नाहीत. काँग्रिगेशनल मिशनमधल्या या कवीची पदे अँग्लिकनांपासून प्रेस्बिटेरियनांपर्यंत सगळे मराठी प्रॉटेस्टंट एकाच गीतपुस्तकातून गात आले. माझ्या मते कागदावरच्या कोणत्याही करारापेक्षा हे ऐक्य जुने आणि भक्कम आहे.

कागदावरचा करार व्हायला चार दशके लागली. वाटाघाटी 1929 मध्ये सुरू झाल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एक होऊन सीएनआय झाले: अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. सर्वांत अवघड गाठ बिशपाने दीक्षा न दिलेल्या पाळकांची होती. ती परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून सोडवण्यात आली. बाप्तिस्म्याबाबत दोन्ही रीती मान्य झाल्या: बाळाचा करा, नाहीतर मूल मोठे झाल्यावर त्याच्या स्वतःच्या कबुलीने करा. या उदारपणाचे मोल मोठे आहे. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले.

धर्मशास्त्राची गाठ सुटली, जमिनीची राहिली. गुजरातमधील ब्रदरन मंडळ्यांचा वाद न्यायालयात गेला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, चर्चच्या सभेने एकीकरणाचा ठराव केला म्हणून सार्वजनिक विश्वस्त संस्था आणि तिची मालमत्ता सीएनआयमध्ये विलीन होत नाही. त्यामागचा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा 1950चा. महाराष्ट्रातल्या चर्च-विश्वस्त संस्थाही त्याच कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. मिशनच्या जुन्या जमिनी आज मोक्याच्या जागी आहेत. मंडळीतली भांडणे श्रद्धेपेक्षा सातबाऱ्यावरून अधिक होतात, हे चर्चमधील जाणती माणसेही दुःखाने मान्य करतील.

कॅथलिक या करारात नव्हते. त्यांच्याकडे वारे 1964 मध्ये बदलले, जेव्हा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयीचा आदेश काढला. त्याचे एक सुंदर फळ पुण्यात दिसले. अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघातून उभा राहिलेला शिवाजीनगरचा आश्रम 1970च्या दशकात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र चालवू लागल्या. त्यातल्या अँग्लिकन भगिनी रमाबाईंच्याच वाँटेजच्या. नाशिक कॅथलिक धर्मप्रांतातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला आणि नाशिकरोडच्या बाळ येशूच्या सणाला तर शाखाच काय, धर्मही आडवा येत नाही.

प्रभुभोजनाच्या मेजावर मात्र अजून दोन पंगती आहेत. लग्नातही अडचण येते. कॅथलिक मुलीला सीएनआयच्या मुलाशी चर्चमध्ये लग्न करायचे तर बिशपांची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा आपल्याकडून पुरेपूर प्रयत्न करीन, असे वचनही तिला द्यावे लागते. पूर्वी हे वचन दोघांकडून घेत. पोप सहावे पॉल यांनी 1970च्या मार्चमध्ये, म्हणजे नागपूरच्या सोहळ्याच्या काही महिने आधी, ती अट फक्त कॅथलिक जोडीदारापुरती ठेवली. सीएनआयमधला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते, पुन्हा देत नाही. तसा बाप्तिस्मा झालेला माणूस पेन्टेकॉस्टल मंडळीत गेला तर मात्र बहुधा त्याला पुन्हा पाण्यात उतरावे लागते. नव्या मंडळ्या वाढत असताना सीएनआय आणि कॅथलिक धर्मगुरूंनी एकत्र बसून बोलायला हवे ते या प्रश्नावर.