ओहोटीच्या वाटेने – ५ : आधी पंचांग, मग दुर्बीण

मागच्या लेखांकात कुरव आणि सुरय कसे ओळखायचे ते पाहिलं. त्यानंतर वाचकांची एक तक्रार आली : पहाटे उठून आक्षीला गेलो, तासभर चाललो, पण चार कावळे आणि एक घार यापलीकडे काही दिसलं नाही. आक्षी म्हटलं की पुष्कळांना तिथला शिलालेख आठवतो. पक्षी बघणाऱ्यांना मात्र अलिबागशेजारची ती लांब, सपाट पुळण आठवते. हिवाळ्यात तिथे पाखरं नसणं कठीण. मग चुकलं काय? बहुधा वेळ.

पहाटे उठायची सवय आपल्याला रानातल्या पाखरांनी लावली. पुळणीवरच्या पाखरांचं घड्याळ भरती-ओहोटीचं असतं. चिखल्या, तुतवार, कालवफोड्या यांचं सगळं खाणं ओल्या वाळूत दडलेलं. त्यावर पाणी चढलं की ताट उचललं गेलं. मग ही मंडळी सुरूच्या बनाच्या खालच्या अंगाला, कोरड्या वाळूत, एका पायावर उभी राहून डुलक्या काढतात. चिखल्या-तुतवारांच्या पाठीचा रंग वाळूत असा मिसळून जातो की दहा पावलांवरून माणूस निघून जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. तक्रार करणारे असेच कुणाच्या तरी शेजारून गेले असणार.

म्हणून घरून निघण्याआधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, कोळ्यांच्या भाषेत सुकती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चालायचं. बंदराचं छापील वेळापत्रक याहून अचूक असतं हे खरं, पण बोटांवर होणारा हिशोब सोबत असला की मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही.

नवख्यांनी माझ्या मते अष्टमी-नवमीची सकाळ धरावी. एक तर तेव्हा भांग असतो, पाणी फार आत जात नाही, त्यामुळे पाखरं दूरवर विखुरत नाहीत. दुसरं, आठच्या सुमारास वाळू नुकती उघडी पडू लागते आणि पहाटेच्या भरतीत ताटकळलेली पाखरं तुटून पडतात. शिवाय आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी समुद्राकडे तोंड केलं की ऊन पाठीशी. उधाणाच्या दिवसांत पुळण अफाट उघडी पडते, पण सगळी पाखरं थेट पाण्याच्या काठाशी, दुर्बिणीतही ठिपक्याएवढी. तेव्हा पाणी परत चढू लागेपर्यंत एका जागी बसून राहावं. लाटा त्यांना आपल्याकडे रेटत आणतात.

आता त्या ओल्या पट्ट्यावर नजर लावा. पाच-सहा पावलं तुरुतुरु धावून एकदम थबकणारा, मान किंचित कलती करणारा तो चिखल्या. चोच आखूड, डोळे मोठे. हा बघून खातो. थबकला की वाळूवरची बारीकशी हालचाल टिपतो आणि टोच मारतो. कधी लांब किडा हाती लागतो. तेव्हा तो हिसका देत नाही. ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो, कारण किडा तुटला तर अर्धा भाग बिळातच राहायचा. याउलट कर्ल्यूची लांबलचक, खाली वळलेली चोच चाचपडण्यासाठी. तिच्या टोकाला स्पर्श कळतो, त्यामुळे न दिसणारा खेकडा तो खोल बिळातून उपसतो. फिकट पांढुरका सँडरलिंग मात्र लाटेच्या मागे धावतो आणि लाट वळली की तिच्यापुढे. मागचं बोटच नसलेल्या पायांवर ही शर्यत तासन्‌तास चालते. अशी एकाच वाळूवर तिघांची तीन खाती, म्हणून भांडणंही कमी.

पायाखालीही बघा. बिळाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या दिसतील. एक इवलासा खेकडा वाळू तोंडातून चाळतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतो. पुढची भरती सगळं पुसून टाकते.

या चिखल्यांमधले काही लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर घरटी करून ऑगस्टच्या आगेमागे इथे उतरतात. परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. पुळणीवरून भरधाव जीप पळवणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. भरतीच्या वेळी विश्रांतीला बसलेला थवा वारंवार उठवला, तर खाल्लेलं सगळं उडण्यातच खर्च होतं. कुत्रं सोबत नेणार असाल तर दोरीला धरा, आणि थव्यातली पाखरं माना वर करू लागली की तिथेच थांबा.

एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा झेंडी दिसली तर रंग, अक्षरं, जागा आणि वेळ टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. फोटो अस्पष्ट आला तरी चालतो, अक्षरं वाचता आली म्हणजे झालं.

पुढच्या आठवड्यात पुळण सोडून खाडीच्या तोंडाशी, तिवरांत. पायताण जुनं घाला, चिखल गुडघ्यापर्यंत असतो.