चपाती सोडायची की तेल? वजन कमी करण्याच्या उलटसुलट सल्ल्यांचं काय करायचं

मिरजेहून शुगर तपासून आलेल्या खाला घरी टेकत नाहीत तोच सल्ले सुरू होतात. भाचा म्हणतो, "चपाती-भात बंद करा, अंडी-मटण खा, महिन्यात वजन उतरतं." सुनेने मोबाईलवर ऐकलेलं असतं की तूप-तेल आणि मटण आधी बंद. शेजारच्या भाभी दिवसातून दोनदाच जेवतात आणि दुसऱ्यांनाही तेच सांगतात. या सगळ्यात डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद पर्समध्येच राहतो.

सातारा-सांगलीतल्या आपल्या बहुतेक घरांत हे चित्र ओळखीचं आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात प्रकरण यापुढे गेलं. शुगरची गोळी चालू ठेवून अम्मींनी भाकरी-भात एकदम सोडला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या घामाने भिजल्या होत्या, हात थरथरत होते. वेळेवर साखरपाणी मिळालं म्हणून निभावलं. म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

वाद जुनाच आहे

लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी ब्रेड, साखर, बटाटे सोडून वजन घटवल्याची पुस्तिका 1863 साली काढली. 1972 मध्ये अमेरिकेत डॉ. अॅटकिन्स यांनी पिष्टमय पदार्थ कमी करण्याचा आहार पुन्हा गाजवला. 1977 मध्ये तिथल्याच सिनेटच्या समितीने उलट चरबी कमी करायला सांगितलं. त्यानंतर "लो फॅट" पदार्थांनी दुकानं भरली, पण त्यातल्या अनेकांत चव आणण्यासाठी साखर घातलेली असायची.

आपल्या महाराष्ट्रातही हे झालं. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवण आटोपायचं आणि रोज 45 मिनिटं चालायचं, असं सांगितलं. खाल्लं की इन्सुलिन तयार होतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्यामागचा युक्तिवाद. ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं वेगळं: थोड्या थोड्या वेळाने खा, तूप-भाताला घाबरू नका, आजी खायची ते खा. दोघांचेही चाहते गावोगावी आहेत आणि दोन्हीकडे वजन उतरलेली माणसंही आहेत. मग खरं काय?

दोन्ही आहार समोरासमोर ठेवले तेव्हा

2018 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 609 जणांचे दोन गट केले. एकाने चरबी कमी केली, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ. वर्षभरानंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलोने उतरलं, दुसऱ्याचं 6 किलोने. म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. फरक होता तो एकाच गटातल्या माणसामाणसांत. कुणाचं वजन खूप उतरलं, तर कुणाचं वाढलंसुद्धा.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, हे दोन्ही गटांना सांगितलं होतं. त्यामुळे कुठल्याही बाजूने गेलं तरी खाणं आपोआप आटोक्यात येत होतं.

मग भात सोडणाऱ्याचं वजन पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो कसं उतरतं? शरीर साठवलेल्या साखरेबरोबर पाणीही धरून ठेवतं. साठा संपला की पाणी निघून जातं आणि काटा खाली येतो. ती सगळी चरबी नसते. पुन्हा पूर्वीसारखं जेवायला लागलं की काटा वर जातो आणि माणूस निराश होतो.

आपल्या ताटाचा हिशेब

आपल्या देशात जेवणातल्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के ऊर्जा धान्य, साखर अशा पिष्टमय पदार्थांतून येते, असं आयसीएमआर-इंडिएबी पाहणीत 2025 मध्ये समोर आलं. तेव्हा ते थोडे कमी करा, हा सल्ला आपल्याला लागू पडतोच. पण त्याच पाहणीतून हेही दिसलं की तेवढ्याच प्रमाणात तांदळाऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरी खाल्ल्याने मधुमेहाचा धोका कमी होताना दिसत नाही. माण-खटाव, जत-आटपाडीची ज्वारी चांगलीच आहे. तिच्यात पांढऱ्या तांदळापेक्षा चोथा जास्त असतो, पोट लवकर भरतं. पण "भाकरीच आहे" म्हणून चार खाल्ल्या तर हिशेब चुकतो. एक भाकरी कमी करून तिच्या जागी डाळ, दही, अंडं किंवा कोरेगावचा घेवडा आला, तर फायदा होतो.

साखरेचं बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत हवी. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे सुमारे 40 ग्रॅम. बिस्किट-खारी वेगळीच. आणि गुळाचा चहा घेतला म्हणजे सुटलो, असं नाही. कराड-सांगलीचा गूळ कितीही चांगला असला तरी वजनाच्या हिशेबात तो साखरेचाच भाऊ.

आता तेल. एक ग्रॅम धान्याच्या पिठापेक्षा एक ग्रॅम तेलात दुपटीहून जास्त कॅलरी असतात. याच संस्थेने एका माणसाला दिवसाला साधारण 27 ग्रॅम तेल-तूप सुचवलं आहे. पाच जणांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभर पुरला तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे 30 ग्रॅम येतं. तोच डबा वीस दिवसांत संपत असेल तर ते 45 ग्रॅमच्या वर जातं.

म्हणजे आपल्याकडे "चपाती की तेल" हा प्रश्नच अर्धा आहे. बिर्याणीत भातही असतो आणि तेलही. इफ्तारच्या भजीत पीठही असतं आणि तळणही. दोन्हीकडून थोडं थोडं कमी करावं लागतं.

गोळ्या चालू असतील तर

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम कमी केलं, तर शुगर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चक्कर ही त्याची लक्षणं. शुगर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी धान्य पूर्ण बंद करणारा कीटो आहार स्वतःच्या मनाने कधीच करू नये. त्यातून रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही डॉक्टरांशिवाय काही सोडू नये. रोजे ठेवणाऱ्या शुगरच्या पेशंटने रमजानच्या महिना-दोन महिने आधी गोळ्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात.

मग करायचं काय?

• चहातली साखर आधी निम्मी करा, महिनाभराने आणखी कमी.
• ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, उरलेल्यात डाळ-अंडं-मटण आणि भाकरी किंवा भात.
• भात आणि चपाती एकाच जेवणात पोटभर नको. दालचा-चावल असेल त्या दिवशी रोटी राहू द्या.
• तेल डब्यातून ओतू नका, चमच्याने मोजा. तळण आठवड्यातून एखाद्या वेळी.
• फजरनंतर अर्धा तास चाला, मग तो अजिंक्यताऱ्याचा रस्ता असो की कृष्णाकाठ.
• काट्याबरोबर कंबरही मोजा. पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

दोनदा जेवून जमत असेल तर तसं, थोडं थोडं खाऊन जमत असेल तर तसं. जे पुढच्या ईदलाही चालू राहील, तेच आपलं पथ्य. पोटात अन्नाबरोबर पाण्याला आणि श्वासालाही जागा ठेवा, हे आपण बयानात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि खालांच्या पर्समधला तो कागद आजच बाहेर काढा. काय कमी करायचं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.