उन्हाची सवय आणि पेशीची वही

मागे एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वही मिटली, चहा आला, आणि एक काकू म्हणाल्या, "चैताचं पहिलं ऊन लागलं की दोन दिवस मी डोकं धरून बसते. पुढं वैशाखात त्याहून कडक ऊन असतं, तरी काम होतं. असं का गं?"

अर्धं उत्तर सोपं आहे. आठ-पंधरा दिवस रोज उन्हात काम केलं की घाम लवकर आणि जास्त येतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. उरलेलं अर्धं उत्तर आपल्या पेशींमध्ये आहे. ते समजून घ्यायला शास्त्रज्ञांना आपल्या गटासारखी जमाखर्चाची वही काढावी लागली. आज त्या वहीबद्दल बोलू.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे आणि पेशीतली जवळजवळ सगळी कामं प्रथिनं करतात. प्रत्येक प्रथिनाची एक ठरलेली घडी असते. घडी नीट असेल तरच ते काम करतं. उष्णता वाढली की घडी मोडते. फारच वाढली तर मोडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ना, तसंच. ते परत पातळ होत नाही.

पण पेशी गप्प बसत नाही. १९६२ साली इटलीच्या फेरुचिओ रिटोसा यांनी हे पहिल्यांदा लिहिलं. ते फळांवरच्या बारीक माश्यांच्या अळ्या तपासत होते. कोणीतरी चुकून उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं, आणि त्या अळ्यांच्या गुणसूत्रांवर नेहमी न दिसणारे फुगवटे दिसले. म्हणजे उष्णता लागताच पेशीनं काही खास कामं सुरू केली होती. पुढं १९७४ मध्ये कळलं की त्या वेळी पेशी काही विशिष्ट प्रथिनं भराभर बनवते. त्यांना 'हीट शॉक प्रोटीन' म्हणतात. त्यातली बरीचशी दुसऱ्या प्रथिनांची घडी सांभाळतात. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, मी त्यांना पाठराखिणीच म्हणते. इंग्रजीतलं त्यांचं नावही साधारण त्याच अर्थाचं आहे.

आता प्रश्न असा, की पाठराखिणी वाढवायच्या कधी आणि थांबायचं कधी, हे पेशीला कळतं कसं? पेशीत एक दवंडीवाला असतो. एरवी रिकाम्या पाठराखिणी त्याचा हात धरून ठेवतात. घड्या मोडल्या की त्या तिकडं धावतात, दवंडीवाल्याचा हात सुटतो आणि तो दवंडी पिटतो: "पाठराखिणी वाढवा!"

वही मांडून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते. मानू या की एका पेशीत २० पाठराखिणी रिकाम्या आहेत. एक जण दहा मिनिटांत एक प्रथिन नीट करते. उन्हामुळं दर दहा मिनिटांना ३० प्रथिनं बिघडतात, आणि दवंडी चालू असेपर्यंत दर फेरीला १० नव्या पाठराखिणी येतात.

पहिली फेरी: ३० बिघडली, २० नीट झाली, १० बाकी. पाठराखिणी झाल्या ३०. दुसरी फेरी: मागची १० आणि नवी ३०, म्हणजे ४०. त्यातली ३० नीट झाली, १० बाकी. पाठराखिणी ४०. तिसरी फेरी: पुन्हा ४० समोर, आणि ४० नीट. बाकी शून्य. चौथ्या फेरीला ३० प्रथिनं आणि ४० पाठराखिणी. दहा जणी रिकाम्या, त्या जाऊन दवंडीवाल्याचा हात धरतात. दवंडी बंद!

ऊन अजून तेवढंच आहे बरं का. ऊन उतरलं म्हणून दवंडी थांबली नाही, हात पुरेसे झाले म्हणून थांबली. खऱ्या पेशीतही असंच दिसतं.

आणि त्या ४० पाठराखिणी लगेच जात नाहीत. काही तास, कधी एक-दोन दिवस टिकतात. तेवढ्यात पुन्हा तेवढीच उष्णता आली तर पहिल्या फेरीपासून बाकी शून्य. काकूंच्या प्रश्नातला पेशीचा वाटा हाच.

शास्त्रज्ञांची वही यापेक्षा खूप बारीक असते, क्षणाक्षणाची, संगणकावर चालणारी. पण रीत हीच: मागची शिल्लक, आलेले, गेलेले. तिचा उपयोग असा, की न पाहिलेली गोष्ट आधी सांगता येते. २०१६ साली अमेरिकेत यीस्टवर, पावात घालतात त्या यीस्टवर, असं काम झालं. वही म्हणाली, उष्णता न देता नुसतं पाठराखिणींना खोट्या कामात गुंतवलं तरी दवंडी वाजेल. त्यांनी तसं करून पाहिलं. वाजली.

आता आपल्याच वहीत ३० च्या जागी ६० घाला. बाकी राहतात ४०, मग ७०, मग ९०, मग १००. पाठराखिणी वाढताहेत, पण कमीच पडताहेत, आणि बाकीची प्रथिनं तोवर चिकटत चालली. सवय असलेल्या बाईलाही ऊन मारतं ते असं. "मला काय होतंय, मी रोजचीच" हे वहीला मान्य नाही.

ही हद्द मोजण्याचा एक हिशोब १९८४ साली सॅपरेटो आणि ड्यूई यांनी मांडला. कर्करोगाच्या गाठींना उष्णता देऊन उपचार करतात, त्यासाठी तो वापरतात. पेशीला ४३ अंशांवर जी इजा व्हायला ६० मिनिटं लागतात, ती ४४ वर ३० मिनिटांत होते आणि ४५ वर १५ मिनिटांत. उलट ४३ च्या खाली एक अंश उतरलं की वेळ चौपट: ४२ ला २४० मिनिटं. हे अंश पेशीचे, हवेचे नव्हेत. बाहेर ४३ असलं तरी निरोगी शरीर आत ३७ च्या आसपास राहतं. आणि मेंदू, मूत्रपिंडं तर आतलं तापमान ४० च्या वर गेलं की बिघडू लागतात, म्हणून हा हिशोब घेऊन कोणी वाट बघत बसू नये.

शेतात एखादी बाई बरळू लागली, झोक जायला लागला, अंग तापलं, तर आधी सावलीत न्या, लुगडं सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि तेव्हाच दुसरीनं १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि मुकादमाशी बोलताना हे सांगा: अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस आहे की उन्हाच्या कामाला नवीन माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांहून जास्त वाढवू नये. जुनी कामकरीण बरेच दिवसांनी परतली तर पहिल्या दिवशी निम्मं. आठवडाभर कामावर नसलं की सवय उतरायला लागते. बाळंतपणाहून, आजारपणातून आलेली बाई पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या बरोबरीनं ओळ धरते आणि आपण तिचं कौतुक करतो. ते मात्र मला बघवत नाही.