व्हिचेन्झाचा नट, वाळूजचा पाना

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एखाद्या टूलरूममध्ये उभी हयात काढलेल्या माणसाच्या हातात 'नुओवो रेकॉर्ड' ठेवावा आणि काही न सांगता गंमत बघावी. तो आधी तळहातावर वजन तोलेल. मग अंगठ्यानं कडा तपासेल, पिनांमध्ये खेळ आहे का ते हलवून पाहील आणि विचारेल, "कशाचा पार्ट हा?" सायकलचा, असं सांगितलं तर त्याला ते सहजी पटायचं नाही.

इटलीतल्या व्हिचेन्झा शहरातल्या काम्पान्योलो कारखान्यानं १९६७ साली बाजारात आणलेला हा डिरेल्यर. मागच्या चाकावरची साखळी एका दातेरी चक्रावरून शेजारच्या चक्रावर नेणं हे त्याचं काम. वजन सुमारे दोनशे ग्रॅम. अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. प्लास्टिक असलंच तर साखळी वळवणाऱ्या दोन चिमुकल्या चाकांपुरतं. तो रॉकेलमध्ये धुवावा, पिनांना तेलाचा थेंब द्यावा, नवी केबल ओवावी, की अर्ध्या शतकानंतरही चालायला लागतो. जगभर काही माणसं या भागांसाठी अक्षरशः वेडी आहेत. नुसतं जुनं म्हणून हे वेड जडलेलं नाही, अशी माझी खात्री आहे. या वस्तू खोलता येतात, खरं कारण हे.

आतली युक्ती शाळेतल्या भूमितीची. चार पट्ट्या चार खिळींवर जोडून समांतरभुज चौकोन केला, की त्याची एक बाजू पक्की धरून समोरची कितीही सरकवा, ती पहिलीला समांतरच राहते. डिरेल्यरचं शरीर म्हणजे हाच चौकोन. केबल ओढली की तो आडवा सरकतो, पण साखळीची चाकं कलत नाहीत. केबल सोडली की स्प्रिंग त्याला परत आणते. दोन छोटे स्क्रू त्याच्या हद्दी ठरवतात: इकडे इतकं, तिकडे तितकं, त्यापुढे नाही. झाला डिरेल्यर. आजच्या सायकलींना प्रत्येक गिअरसाठी लिव्हरमध्ये खटका असतो. इथं तो नाही. तंबोरा लावताना खुंटी पिळत पिळत कान स्वराची वाट बघतो, तशी फ्रेमवरची लिव्हर हळूहळू हलवत साखळीची खरखर थांबण्याची वाट बघायची. खरखर थांबली की गिअर पडला.

कंपनी काढली तुल्लिओ काम्पान्योलो यांनी. जन्म १९०१, मृत्यू १९८३. वडिलांचं व्हिचेन्झात हार्डवेअरचं दुकान. तुल्लिओ स्वतः शर्यतींत उतरणारे हौशी सायकलपटू. त्यांची जी गोष्ट सांगतात ती अशी: १९२७च्या नोव्हेंबरात, डोलोमाइट पर्वतातल्या क्रोचे द'आउने खिंडीत शर्यत चालू होती. बर्फ पडत होता. त्या काळी मागच्या चाकाच्या एका बाजूला सपाटीचं चक्र असे आणि दुसऱ्या बाजूला चढाचं. घाट आला की उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं. तुल्लिओंची बोटं गारठली होती, पाकोळी नट गोठले होते. नट सुटेना आणि शर्यत हातची गेली. सायकलींचे काही इतिहासकार या कथेकडे संशयानं बघतात, आणि मलाही ती जरा जास्तच नीटनेटकी वाटते. पण त्यानंतर आलेली वस्तू मात्र शंभर टक्के खरी आहे. पोकळ आस, तिच्यातून आरपार जाणारी बारीक सळई आणि टोकाला कॅम असलेली लिव्हर. लिव्हर उलटवली की चाक सुटलं, दाबली की आवळलं, पाना नको. १९३३ साली त्या दुकानाच्या मागच्या भागात कारखाना सुरू झाला. आज आपल्याकडच्या दुकानातल्या साध्या गिअरच्या सायकलच्या पुढच्या चाकालाही ही लिव्हर दिसते.

या लिव्हरच्या जोरावर काम्पान्योलोनं पुढे जे केलं ते वाचून मला आजही हसू येतं आणि धडकीही भरते. त्याचं नाव 'काम्बिओ कोर्सा'. यात डिरेल्यर असा नव्हताच. मागच्या चाकाजवळ, उजव्या बाजूच्या तिरक्या नळीवर दोन लांब दांड्या. गिअर बदलायचा म्हणजे धावत्या सायकलवर हात मांडीमागे न्यायचा, एक दांडी फिरवून मागचं चाक चक्क सैल करायचं, पायडल उलटं मारत दुसऱ्या दांडीनं साखळी शेजारच्या चक्रावर ढकलायची. साखळी मोठ्या चक्रावर गेली की चाक आपोआप पुढे सरकायचं, छोट्यावर आली की मागे. ते सरळ रेषेत राहावं म्हणून आसाला आणि फ्रेमच्या खाचांना दाते होते. मग पहिली दांडी पुन्हा आवळायची. हे सगळं हमरस्त्यावर, शर्यतीत, बाजूला धक्काबुक्की चालू असताना! जीनो बार्ताली यांनी १९४८ची टूर दि फ्रान्स याच यंत्रणेवर जिंकली. पहिल्या विजयानंतर बरोबर दहा वर्षांनी. दोन दांड्यांचं काम एकाच दांडीवर आणलेल्या सुधारित यंत्रणेवर फाउस्तो कोप्पी यांनी १९५०ची पॅरिस–रूबे शर्यत मारली.

१९४९ साली मात्र कारखान्यानं समांतरभुज चौकोनाचा 'ग्रान स्पोर्त' मांडला आणि दांड्यांचा काळ संपला. चौकोनाची कल्पना फ्रान्समध्ये आधीच येऊन गेली होती, त्यामुळे शोधाचं सगळं श्रेय इटलीला देणं बरोबर नाही. आणि आणखी एक गोष्ट भक्तांना रुचणार नाही, तरी सांगतो. नुओवो रेकॉर्ड हा त्याच्या काळातला सर्वांत चांगला गिअर बदलणारा डिरेल्यर नव्हता. जपानच्या सनटूरनं १९६४ सालीच चौकोन तिरका बसवला, त्यामुळे चाक दात्यांच्या जवळून सरकायचं आणि साखळी चटकन चढायची. ते पेटंट १९८४ साली संपलं आणि सगळ्या जगानं ती रचना उचलली. इटालियन भागांची ताकद वेगळीच होती: पोलाद चांगलं, ग्राइंडिंग नेमकं, आणि प्रत्येक स्क्रू सुटा विकत मिळणारा. १९७०च्या दशकातले त्यांचे कॅटलॉग पाहिले तर डिरेल्यर, हब, ब्रेक सगळं हवेत सुटं पसरल्यासारखं चितारलेलं आणि इवल्याशा वॉशरलाही क्रमांक. हबच्या मधोमध तेलासाठी भोक आणि त्यावर स्प्रिंगची पट्टी. पट्टी सरकवा, तेल सोडा, पट्टी झाका. आपल्याकडचा सायकलवाला कप, कोन आणि छर्रे उघडून वंगण भरतो, नेमकं तेच काम, फक्त कोनाचा पृष्ठभाग आरशासारखा.

वेलोड्रोमवरच्या सायकली हे या वेडाचं दुसरं दालन. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात तसा ट्रॅक आहे, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहावा. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर नसतात, फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. या सायकलींसाठी काम्पान्योलोची 'रेकॉर्ड पिस्ता' मालिका होती. तिच्या हबच्या कडा उंच, भोकं पाडलेल्या. कडा उंच म्हणजे आरे आखूड, आणि आरे आखूड म्हणजे चाक ताठ. गंमत म्हणजे, झटपट सुटणारी लिव्हर जगाला देणाऱ्या या कारखान्यानं ट्रॅकच्या हबला मात्र साधे नटच दिले. स्प्रिंटमध्ये मांड्यांचा सगळा जोर एका साखळीवर येतो, तेव्हा चाक केसभरही सरकून चालत नाही.

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत, अशाच ट्रॅकवर, सायकलपटू एडी मर्क्स एका तासात ४९.४३१ किलोमीटर गेले. सायकल एर्नेस्तो कोलनागो यांनी बांधलेली, वजन पावणेसहा किलोच्या आसपास. वजन वाचवण्यासाठी जिथं जमेल तिथं, अगदी साखळीतही, भोकं पाडलेली. पुढे ५२ दाते, मागे १४. म्हणजे पायडलच्या एका फेरीत पावणेआठ मीटरांहून जास्त. पुढच्या पिढीनं चकत्यांची चाकं आणि विचित्र बैठका आणून हा आकडा पार मागे टाकला. १९९६ साली ख्रिस बोर्डमन ५६.३७५ पर्यंत पोचले. तेव्हा सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००० साली नवा नियम लावला: तासाचा विक्रम करायचा तर मर्क्स यांच्या धाटणीच्याच सायकलवर, गोल नळ्या, आऱ्यांची चाकं, वाकडं हँडल. त्याच बोर्डमन यांनी त्या वर्षी मँचेस्टरमध्ये पुन्हा तासभर जीव काढला. अंतर भरलं ४९.४४१. मर्क्स यांच्याहून दहा मीटर जास्त. अठ्ठावीस वर्षं, आणि फरक सायकलच्या जेमतेम सहा लांब्यांचा!

आता थोडं आट्यांबद्दल, कारण संभाजीनगरात कुणी असली फ्रेम आणलीच तर पहिली पंचाईत तिथं होणार. पायडलचा आस ज्या नळकांड्यात फिरतो त्याचे इटालियन आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला २४. व्यास मिलिमीटरात, आटे इंचात. ही खिचडी त्यांनी जन्मभर चालवली. आपल्या सायकली इंग्रजी धाटणीच्या, त्यांच्या उजव्या कपाला उलटे आटे असतात. कारण पायडल मारताना फिरणारा भार कपाला किंचित उलट दिशेनं ढकलत राहतो. उलटे आटे असले की तो कप आणखी आवळला जातो. इटालियनांनी दोन्ही बाजूंना सुलटेच आटे ठेवले, म्हणून उजवा कप मन लावून आवळला नाही तर चालवता चालवता सैल होतो. एवढं असूनही इंग्रजी नळकांड्याचे आटे झिजून गेले की कारागीर त्यातच इटालियन आटे पाडतात, कारण व्यास मिलिमीटरभर जास्त असल्यानं खाली ताजा धातू मिळतो.

इटलीच्या सुट्या भागांशी या शहराचं नातं तसं जुनं नाही, पण चांगलं घट्ट आहे. बजाजनं व्हेस्पा परवान्यावर बनवली ती १९७१ पर्यंत. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५चा. त्याच वर्षी बजाजला ॲल्युमिनियमचं डाय-कास्टिंग पुरवायला इथं एक छोटा उद्योग सुरू झाला, तो पुढे एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज झाला. या कंपनीनं २०२० साली इटलीतली क्लच बनवणारी आडलर घेतली, आणि ब्रेक बनवणारी ग्रिमेकाही. आडलरचं रोव्हेरेतो व्हिचेन्झाच्या शेजारच्याच डोंगरांत आहे. आणि ग्रिमेका? तिचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक एके काळी डोंगरी सायकलींवर बसत, आणि जुन्या भागांच्या शौकिनांना ते नाव चांगलं ठाऊक आहे. म्हणजे इटालियन सायकलच्या ब्रेकवरचं एक नाव आज वाळूजच्या मालकीचं आहे. मला हे कळलं तेव्हा मी दोनदा वाचून खात्री केली.

शौकिनांची बारीक नजर हा स्वतंत्र विषय आहे. डिरेल्यरवर पेटंटचं वर्ष कोरलेलं असतं, हबच्या चेकनटवरही वर्षाचे आकडे. १९७४च्या फ्रेमला १९७८चा डिरेल्यर लागलेला दिसला की यांच्या कपाळाला आठी पडते. मला ते थोडं अती वाटतं. शर्यतीची सायकल तिच्या काळातही जे मिळेल ते लावूनच पळत होती. त्यापेक्षा 'ल'एरोइका'वाल्यांची रीत बरी. १९९७पासून तस्कनीतल्या गायोले गावी ही फेरी निघते: सायकल १९८७च्या आधीची, गिअरच्या लिव्हर फ्रेमवर, पायडलला पट्टे, ब्रेकच्या केबल उघड्या, आणि रस्ता पांढऱ्या मातीचा. चालवा, मग बोला.

इथं चालवायची तर दौलताबादच्या किल्ल्यापुढचा खुलताबादचा घाट आहेच. आधी हिशेब करून ठेवावा. जुन्या रेकॉर्डला पुढे ४२ दाते आणि मागे फार तर २६. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर एका फेरीत सायकल जवळजवळ ३.४ मीटर सरकते. आजच्या सायकलवर पुढे ३४, मागे ३२ लावले तर २.२. पायांना हा फरक पहिल्या वळणावरच कळतो. टूर दि फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांना हा हिशेब मुळीच आवडत नसे. टूरमध्ये डिरेल्यरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत, असं त्यांचं १९०२पासूनचं मत. ती मी केव्हाच उलटली आहे. तेव्हा खुलताबादच्या घाटात ३२चं चक्र वापरायला साक्षात देग्रांज यांचीच मुभा आहे, असं मी धरून चालतो.