संस्था काढली, म्हणून ती तुमची नव्हे

आपल्याकडे लोक संस्था 'काढतात', दुकान काढावं तशी. निम्मा घोटाळा या क्रियापदातच आहे. दुकान काढणारा त्याचा मालक असतो. संस्था काढणारा नसतो.

महाराष्ट्रात किमान सात जण मिळून १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदवतात, आणि तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदली जाते. तिथून पुढे खोली, कपाटं, बँकेतली शिल्लक, सगळं संस्थेचं. संस्थापकाने वडिलोपार्जित जागा दान दिली असली, तरी मन बदललं म्हणून ती परत घेता येत नाही. इमारत विकायची असो की तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असो, धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. सगळ्या विश्वस्तांनी एकमताने ठराव केला, तरी ती चुकत नाही. संस्थापक निघून गेला, तरी संस्था राहते. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतून इतर आजीव सदस्यांशी मतभेद होऊन १८९० मध्ये ते बाहेर पडले. संस्था मागे राहिली आणि चालली.

"रजिस्ट्रेशन झालं, आता कामाला लागू," हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. खरं काम तिथून सुरू होतं, आणि ते बरंचसं कंटाळवाणं असतं. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा देऊन गेला, की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. त्यालाच सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. सभेत टाळ्या वाजवून नवा अध्यक्ष निवडला म्हणून सरकारदप्तरी तो अध्यक्ष होत नाही. त्यासाठी सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्त, ठराव आणि त्याचे सूचक-अनुमोदक, एवढं सगळं दाखवावं लागतं. वर्षानुवर्षं हे कुणी केलेलं नसतं. मग एक दिवस बँक परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीचा, उतारा मागते, आणि त्यावरचे सातपैकी चार विश्वस्त कधीच देवाघरी गेलेले असतात. उशीर माफ करून घेता येतो, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या सभेची नोटीस आता कुठून आणणार? संस्थांमधली बरीच भांडणं तत्त्वांची म्हणून सुरू होतात आणि इतिवृत्ताच्या वहीवर येऊन अडकतात. म्हणून पहिल्या वर्षी चांगला वक्ता नाही मिळाला तरी चालेल, चांगला चिटणीस शोधा.

'ना नफा' या शब्दाचा अर्थ वर्षअखेरीस तिजोरी रिकामी असावी असा नाही. शिल्लक उरू शकते. ती आपसात वाटून घेता येत नाही, एवढंच. आयकरात सवलत हवी असेल, तर साधारणपणे उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी संस्थेच्या उद्देशांवर खर्ची पडावे लागतात. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त बाजूला ठेवायचं, तर कशासाठी ते आयकर खात्याला कळवावं लागतं. कर्मचाऱ्यांना रीतसर पगारही देता येतो. फुकट राबणाऱ्या माणसांवर उभी संस्था पवित्र असते, हा आपला एक लाडका समज. अध्यक्षांच्या मेहुण्याला बाजारभावापेक्षा दुप्पट मानधन दिलं, तर मात्र करसवलत धोक्यात येते.

देणगीदाराची करसवलत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ८०-जी, धर्मादाय नोंदणीबरोबर आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी आयकर खात्याकडे वेगळा अर्ज असतो, तिला मुदत असते. आणि 'पूर्ण पैसे टॅक्समधून सुटतात' असं देणगीदाराला सांगू नका. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीची निम्मी रक्कमच करपात्र उत्पन्नातून वजा होते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. दोन हजारांवरची रोख देणगी तर या हिशेबात धरतच नाहीत.

राहता राहिला देणगी देऊ पाहणारा अमेरिकेतला भाचा. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर त्याने बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून डॉलरमध्ये पाठवलेले पैसेही परदेशी देणगी ठरत नाहीत. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर गणपतीला घरी आल्यावर त्याने दिलेला रुपयांतला चेकसुद्धा परदेशी देणगीच. तो घ्यायला केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. तेव्हा पावती फाडण्याआधी भाच्याला पासपोर्ट कोणता, ते विचारा. मामी रागावली तरी चालेल.